दळणाचा डबा आणि कराची पावती

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजातल्या माणसाला पाटोदा वेगळं सांगावं लागत नाही. नगर नाका ओलांडून वाळूजच्या दिशेने निघालं, की दहा-बारा किलोमीटरवर, औद्योगिक वसाहतीच्या शेजारी हे तीन-साडेतीन हजार वस्तीचं गाव आहे. स्वच्छतेचे पुरस्कार, राज्यभरातून बस करून येणारे सरपंच आणि ग्रामसेवक, माजी सरपंच भास्करराव पेरे पाटलांची गाजलेली भाषणं, यामुळे गावाचं नाव सगळीकडे झालं. पण पाहायला येणारे बहुतेक जण झाडं, स्वच्छ रस्ते आणि हात धुवायची बेसिनं पाहून परततात. गावाचं खरं काम ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे, नोंदवह्यांमध्ये. ते समजून घेतल्याशिवाय पाटोदा कळत नाही.

पाटोद्याची सर्वात ठाऊक असलेली योजना म्हणजे मोफत दळण. वर्षाची घरपट्टी आणि पाणीपट्टी पूर्ण भरायची, आणि वर्षभर ग्रामपंचायतीच्या गिरणीतून दळण फुकट न्यायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यामागे ग्रामपंचायतीच्या दप्तरातले तीन नमुने उभे असतात. नमुना 8 म्हणजे कर आकारणीची वही. गावातलं प्रत्येक घर, त्याचं बांधकाम, क्षेत्रफळ, मालक आणि त्यावर बसलेला कर तिच्यात लिहिलेला असतो. नमुना 9 ही मागणीची वही: मागची थकबाकी किती, चालू मागणी किती, वसूल किती झालं. आणि नमुना 10 म्हणजे हातात पडणारी पावती. राज्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत हे नमुने आहेत. बहुतेक ठिकाणी गावकऱ्याला नमुना 8 आठवतो तो कर्ज काढताना किंवा भावकीत वाटण्या होताना, आणि मागणीचं बिल आलं की माणूस दाराआड होतो. पाटोद्यात त्याच पावतीला गिरणीच्या दारात किंमत आली. ज्वारी-बाजरीचा डबा घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला आपल्या घराचा कर भरलाय की नाही, हे नवऱ्याला विचारायची गरज उरली नाही. तिला ते माहीतच असतं, कारण दळण त्यावर अडतं.

मला या योजनेतली ही बाजू सर्वात मोलाची वाटते. कर हा पुरुषांचा, कचेरीचा विषय होता, तो चुलीपर्यंत आला. ग्रामविकास खात्याने 2003 मध्ये गावातल्या घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करायला सांगितलं, तेव्हा नमुना 8 मध्ये बाईचं नाव कागदोपत्री आलं. पण वहीत नाव असणं आणि त्या वहीशी रोजचा संबंध असणं यात अंतर असतं. ते अंतर कमी करायला गिरणी उपयोगी पडली.

पाण्याचंही तसंच. पिण्यासाठी शुद्ध केलेलं, रोज घरटी 20 लिटर. वापरायचं वेगळं, नळाला मीटर लावून. आंघोळीसाठी गरम पाण्याची सोय निराळी. मराठवाड्यासारख्या कोरडवाहू भागातलं हे गाव आहे, हे विसरू नये. शेजारचं महानगर नाथसागर जलाशयातून पाणी उचलतं आणि तरी शहागंज, राजाबाजार, चेलीपुऱ्यातल्या घरांनी आठवडा-आठवडा नळाची वाट पाहिलेली आहे. पाटोद्याने मोठं धरण बांधलं नाही. जेवढं पाणी आहे ते मोजलं, मोजलेलं लिहिलं आणि लिहिलेल्याचे पैसे घेतले.

या भागात गावाचं दप्तर कधी गावकऱ्याचं नव्हतंच. निजामाच्या राज्यात ते पटवाऱ्याच्या बस्त्यात असायचं, बरंचसं उर्दूत. माली पाटील सारा वसूल करी, पोलीस पाटील बंदोबस्त पाही, आणि ही कामं घराण्यात चालत. 17 सप्टेंबर 1948 नंतर राज्य बदललं, पण कागद वाचणारे लगेच बदलले नाहीत. 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम, 1962 मध्ये सुरू झालेल्या जिल्हा परिषदा, मग 73 वी घटनादुरुस्ती, असा लांबचा वळसा घेऊन दप्तर गावाच्या हाती आलं. त्या जुन्या कागदांची किंमत काय असते, ते 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात अख्ख्या मराठवाड्याने पाहिलं. पणजोबाच्या नावापुढे काय लिहिलंय हे शोधायला माणसं तहसिलीत खेटे घालत होती, आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. आजची नमुना 8 ची वही ही उद्याच्या नातवंडांसाठी तसाच दस्त आहे. ती नीट लिहिली जाते की नाही, हे गावाने पाहायला हवं.

पाहायची जागा म्हणजे ग्रामसभा. वर्षातून किमान चार व्हायला हव्यात; प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती हे त्यांचे ओळखीचे दिवस. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. कितीतरी गावांत सभा कागदावरच होते आणि सह्यांचं पुस्तक घरोघरी फिरतं. पाटोद्यात कर भरणाऱ्याला सभेत बोलायला धीर येतो, कारण त्याच्या खिशात पावती असते. कर आणि उमेदवारी यांचं नातं कायद्यानेही बांधलेलं आहे. मागणी केल्यापासून तीन महिन्यांत पंचायतीचा कर न भरणारा माणूस सदस्य व्हायला अपात्र ठरतो. त्यामुळे उमेदवारी अर्जाच्या दिवसांत थकबाकी नसल्याचा दाखला काढायला ग्रामपंचायतीत एकच झुंबड उडते. पाच वर्षं न भरलेली पट्टी त्या चार दिवसांत भरली जाते.

आता 2021 ची निवडणूक. राज्यातल्या 14,234 ग्रामपंचायतींचं मतदान 15 जानेवारी 2021 रोजी होणार असल्याचं जाहीर झालं होतं, करोना अजून गेला नव्हता. सरपंचपदाची थेट निवड 2020 मध्ये रद्द झालेली, आणि सरपंचाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर निघायची होती. म्हणजे आपण निवडतोय त्यातून सरपंच कोण होणार, हे मतदाराला माहीत नव्हतं. त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथली प्रक्रियाच रद्द केली.

पाटोद्यात पेरे पाटील स्वतः उभे नव्हते. त्यांच्या कन्या उभ्या होत्या, आणि त्या हरल्या. निकालाच्या दिवशी ही बातमी राज्यभर फिरली. समाजमाध्यमांवर गावाला बोल लावणाऱ्यांची रीघ लागली: एवढं करूनही लोकांना किंमत नाही, गाव कृतघ्न निघालं.

मला हा राग तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. ज्या गावाने कर भरून सेवा घेतली, ते गाव कुणाचं देणं लागत नाही. दळण ही भीक नव्हती, भरलेल्या पट्टीचा मोबदला होता. पेरे पाटलांनीच गावाला हा हिशेब शिकवला. मग त्या गावाने मत देताना उमेदवाराकडे पाहिलं, तिच्या वडिलांच्या कामाकडे नाही, तर यात बिघडलं काय? वडिलांचं काम मोठं होतं म्हणून मुलीला जागा द्यायची, हा विचार जुन्या माली पाटलाच्या वतनाकडे घेऊन जातो. आदर्श गाव म्हणजे एकाच घराला कायम निवडून देणारं गाव, अशी आपली समजूत झाली आहे. राज्यातल्या इतर आदर्श गावांतही ओढ माणसाकडेच जास्त दिसते. माणूस थकतो, बाजूला होतो. नोंदवही, मीटर आणि गिरणी मागे राहतात, आणि पुढची पंचायत ते कसं चालवते यावर तिला मत मिळतं किंवा मिळत नाही. पेरे पाटलांचं श्रेय यात तसूभरही कमी होत नाही. त्यांनी घालून दिलेली पद्धत त्यांच्या घराबाहेर उभी राहू शकते, एवढं मोठं काम त्यांनी केलं आहे.

शहागंजच्या मतदाराने या काळात काय पाहिलं, तेही इथे ठेवावंसं वाटतं. निजाम काळातला घड्याळ मनोरा, चमन, कपड्यांच्या गाड्या, भाजीवाले, हातगाड्यांची दाटी: शहराच्या सर्वात गजबजलेल्या भागांपैकी हा एक. इथला कर महापालिकेला जातो. एप्रिल 2015 मध्ये निवडलेल्या नगरसेवकांची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पाटोद्याच्या शेतकऱ्याने आणि कंपनीतल्या कामगाराने जानेवारी 2021 मध्ये, तोंडाला मास्क लावून मत दिलं. शहागंजच्या कपडेवाल्याला नगरसेवक निवडायला 15 जानेवारी 2026 उजाडावा लागला. बरोबर पाच वर्षं, तारीखसुद्धा तीच. ड्रेनेज तुंबलं, नळ आला नाही, तर तक्रार घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं, हे या वर्षांत कितीतरी गल्ल्यांना ठाऊक नव्हतं. खेडी मागासलेली आणि शहर पुढे गेलेलं, असं आपण धरून चालतो. निदान मताच्या बाबतीत ते उलट होतं.

ग्रामसभा ही फक्त खेड्यालाच मिळालेली गोष्ट नाही. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे: प्रभागातल्या मतदारांना एकत्र बोलावून कामं आणि खर्च त्यांच्यापुढे ठेवायचे. नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकांनी पहिली क्षेत्रसभा शहागंजच्या चमनात भरवावी, आणि या भागातून गेल्या वर्षी किती मालमत्ता कर व पाणीपट्टी जमा झाली, त्यातलं किती इथे खर्च झालं, याचा कागद फलकावर लावून यावं. कुणी विचारायच्या आधी.