लोणारच्या पाण्याचा गुलाबी रंग

सृष्टींत जी रंगांची उधळण दिसते, ती केवळ मनुष्याच्या डोळ्यांस सुख व्हावें म्हणूनच आहे असें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं रंग म्हणजे जीवाचें चिलखत होय. वैशाखमासीं येडशीच्या माळावर राबणाऱ्या शेतकऱ्याची कातडी काळवंडते, तेव्हां ती उन्हानें करपली असें आपण म्हणतों. वस्तुतः उन्हांतील घातक किरण आंत शिरूं नयेत म्हणून शरीरानेंच तो काळा रंग निर्माण करून त्वचेंत पसरलेला असतो. हीच युक्ति डोळ्यांस न दिसणारे जीवही योजितात. त्याचें उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत घडलें असल्यामुळें तें विद्यार्थ्यांपुढें मांडावें असें आम्हांस वाटतें.

बुलढाणा जिल्ह्यांत लोणार येथें एक अद्भुत सरोवर आहे. आकाशांतून आलेली एक प्रचंड उल्का फार प्राचीन काळीं तेथें आदळली व सुमारें १८०० मीटर रुंदीचें वर्तुळाकार विवर पडलें. ज्या काळ्या पाषाणांत तें पडलें, तो आमच्या येडशीच्या रामलिंग घाटांतील पाषाणाच्याच जातीचा, म्हणजे ज्वालामुखीच्या रसापासून झालेला आहे. विवरांत पाणी येतें, परंतु बाहेर वाहून जाण्यास वाट नाहीं. तें वाफ होऊनच उडतें व क्षार मागें राहतात. त्यामुळें तेथील पाणी खारट व सोड्यासारखें बुळबुळीत आहे. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर यानें १८२३ सालीं या स्थळाची नोंद केली.

सन २०२० च्या जून महिन्यांत हें हिरवट पाणी एकाएकीं गुलाबी झालें. सरोवराच्या संरक्षणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें आधींच होता. वन खात्यानें पाण्याचे नमुने घेतले व ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत तपासण्यांत आले. प्रथम शेवाळाच्या एका तांबड्या जातीचा संशय होता, परंतु खरें कारण निराळें निघालें. नमुना स्थिर ठेवतां तांबूस गाळ तळाशीं बसला आणि वरचें पाणी नितळ झालें. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यांत वाढलेल्या अगणित सूक्ष्म जीवांचा होता! उन्हाळ्याच्या तापानें पाणी आटलें, क्षार दाटले आणि या लवणप्रिय जीवांस सुगीचे दिवस आले.

पूर्वीं यांस बॅक्टेरिया या जंतूंतच गणीत असत. पुढें १९७७ सालीं अमेरिकेंतील कार्ल वूझ यानें दाखविलें कीं, हा जीवांचा एक स्वतंत्रच वंश आहे. त्यास आर्किया म्हणतात. जेथें इतर जीव मिठानें मरतात तेथें हे सुखानें नांदतात. मिठागरांतील पाणी पुष्कळदां तांबूस दिसतें, त्याचेंही कारण बहुधा हेच.

आतां प्रश्न असा कीं, हा रंग त्यांस कशाला हवा? उथळ खाऱ्या पाण्यांत सावली नाहीं. प्रखर प्रकाश पेशींत शिरला म्हणजे तेथील प्राणवायूस उग्र रूप येतें आणि तो पेशींचे नाजूक घटक जाळूं लागतो. लवणप्रिय जीवांचा हा तांबडा रंग गाजराच्या रंगाचा जवळचा आप्त आहे. तो पेशीच्या आवरणांत खिळ्याप्रमाणें आरपार बसतो, उग्र झालेल्या प्राणवायूचें जादा बळ आपल्या अंगावर घेतो व उष्णतेच्या रूपानें सोडून देतो. डुंडास व लार्सन या शास्त्रज्ञांनीं १९६२ सालीं याची परीक्षा प्रसिद्ध केली. तांबडे जीव व त्यांच्याच जातींतील रंगहीन जीव त्यांनीं वाढविले. मंद प्रकाशांत दोघेही सारखेच वाढले. प्रखर प्रकाशांत मात्र रंगहीनांची वाढ खुंटली व तांबडे तगले. रंग हें चिलखत आहे याला याहून स्पष्ट पुरावा कोणता?

समुद्रांतही हाच प्रकार आढळतो. स्पंज हा प्राणी खडकास चिकटून जन्म काढतो. शत्रु आला तरी त्यास पळतां येत नाहीं. त्याच्या शरीरांत असंख्य जंतू बिऱ्हाड करून राहतात. त्यांतील कित्येक पिंवळे व तांबडे रंग तयार करितात, आणि हे रंग प्रकाशापासून बचाव करण्याच्या कामीं येतात. रोहित पक्ष्याच्या पंखांची लालीही त्याच्या अन्नांतील अशाच रंगांपासून येते.

असा रंग प्रथम पाहणाऱ्याच्या मनांत भय उत्पन्न होणें स्वाभाविक आहे. १८१९ सालीं इटलींत लेन्यारो गांवीं एका शेतकऱ्याच्या घरीं मक्याच्या पिठाच्या शिजविलेल्या अन्नावर रक्तासारखे डाग उठले. गांवकऱ्यांनीं तो सैतानाचा खेळ मानला. बिझिओ नांवाच्या औषधशास्त्रज्ञानें तें अन्न दमट जागीं ठेवून पुन्हां तसेच डाग उत्पन्न करून दाखविले व तो एका सूक्ष्म जीवाचा रंग आहे हें सिद्ध केलें. एका कुटुंबावरील कलंक त्यामुळें दूर झाला. अज्ञानांतून भय उपजतें आणि भय निरपराध शेजाऱ्याच्या माथीं दोष मारतें. म्हणून कारणाचा शोध घेणें हें केवळ बुद्धीचें काम नव्हे, तें शेजारधर्माचेंही काम आहे.

आणखी एक गोष्ट विसरूं नये. यांपैकीं कित्येक जीव गोड्या पाण्यांत टाकले तर फुटून नाश पावतात. क्षार आपणांस निरुपयोगी वाटतात, परंतु तेच त्यांचें जीवन. लोणारच्या पाण्यांत सांडपाणी व गोडें पाणी अतोनात मिसळत गेलें, तर तेथील खारेपण जाईल व त्यावर जगणारी ही सृष्टीही जाईल. सन २०२० मध्यें या सरोवरास रामसर स्थळांत, म्हणजे सर्व जगास महत्त्वाच्या अशा पाणथळ जागांत, स्थान मिळालें. हा मान राखणें आपणां सर्वांचें काम आहे.

कारण समजलें म्हणजे आश्चर्य नष्ट होतें असें कोणी म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या परमेश्वरानें सुईच्या अग्रावर शेंकड्यांनीं मावणाऱ्या जीवासही ऊन सोसण्यास वस्त्र दिलें, त्याची योजना समजून घेतां घेतां मस्तक अधिकच नम्र होतें. विद्यार्थ्यांनीं लोणारला अवश्य जावें. पाहावें, विचारावें, आणि तेथील पाणी जसें आहे तसें ठेवून परतावें.