हा आकडा आला कुठून?

कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला लागले की कडाव येते. बाहेरच्यांना हे गाव बाल दिगंबर गणेशामुळे माहीत, आम्हाला भातशेतीमुळे. संगणक मी रीतसर शिकलेलो नाही. पुस्तके वाचून, चुकतमाकत शिकलो आणि तेवढ्या भांडवलावर काही वर्षांपूर्वी इथल्या एका भातगिरणीला हिशोबाचा प्रोग्रॅम लिहून दिला. त्यातल्या माझ्याच एका चुकीने मला फंक्शनल प्रोग्रॅमिंगकडे वळवले.

प्रत्येक शेतकऱ्याच्या नावापुढे मी ‘बाकी’ असा एकच रकाना ठेवला होता. व्यवहार झाला की जुना आकडा पुसून तिथे नवा बसे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची मागील बाकी ६०० रुपये होती. भरडाईचे ८४० झाले, त्याने १,००० रोख भरले. म्हणजे ४४० उरायला हवे होते. प्रोग्रॅम १,२८० दाखवत होता. “अरे बाबा, हा आकडा आला कुठून, तेवढं सांग,” एवढेच तो म्हणाला. मला सांगता येईना, कारण कालचा आकडा प्रोग्रॅमने कधीच पुसला होता. दोन रात्री घालवल्यावर उलगडा झाला. बिलाचा कागद प्रिंटरमध्ये अडकला होता, म्हणून गिरणीवाल्याने बिल पुन्हा छापले. छापता छापता बाकी वाढवायची, असे मी लिहून ठेवले होते. त्यामुळे ८४० रुपये दोनदा चढले.

गंमत अशी की त्या शेतकऱ्याच्या घरी याहून चांगली पद्धत कागदावर होती, ती म्हणजे सातबारा. जमिनीचा हक्क बदलला की तलाठी आधी गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांक घालून नोंद करतो. ती मंजूर झाली की सातबाऱ्यावर जुन्या नावाला पूर्वी कंस पडत असे आणि फेरफाराचा क्रमांक लागत असे. कंसातले नाव वाचता येई. वाद निघालाच, तर क्रमांक धरून मागे मागे जाता येते. महसूल खाते फेरफाराला इंग्रजीत ‘म्युटेशन’ म्हणते. प्रोग्रॅमरही हाच शब्द वापरतात, पण त्यांच्या लेखी म्युटेशन म्हणजे जुनी किंमत पुसून जागच्या जागी नवी लिहिणे. फंक्शनल पद्धत टाळू पाहते ते हेच.

या पद्धतीचा गाभा दोन नियमांत सांगता येतो. एकदा लिहिलेली किंमत बदलायची नाही. बदल हवा असेल तर नवी किंमत तयार करायची. दुसरे, काम फंक्शनांत वाटायचे. गणितात ज्याला फलन म्हणतात, तेच हे: तेच आत घातले की दर वेळी तेच बाहेर येते आणि वाटेत दुसरे काहीही बदलत नाही. माझा छपाईचा भाग बाकीही बदलत होता, म्हणून तो या अर्थाने फलन नव्हता. नव्या प्रोग्रॅममध्ये मी नोंदी फक्त वाढवत गेलो. बाकी साठवलीच नाही. नोंदींवरून ती दर वेळी काढायची. आता बिल दहादा छापले तरी उत्तर ४४०च.

हा विचार जुना आहे. अलोंझो चर्च यांचे लॅम्डा कॅल्क्युलस १९३०च्या दशकातले, जॉन मॅकार्थी यांची लिस्प भाषा १९५८ची. फोरट्रान घडवणारे जॉन बॅकस यांनी १९७७च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात किमती बदलत राहणाऱ्या शैलीवरच टीका केली. धंद्यातला दाखला द्यायचा तर स्वीडनच्या एरिक्सनमध्ये १९८६ला सुरू झालेल्या अर्लांगचा देता येईल. टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेल्या या भाषेवर व्हॉट्सॲप उभे राहिले. २०१४मध्ये फेसबुकने ते विकत घेतले तेव्हा महिन्याकाठी सुमारे ४५ कोटी लोक ते वापरत होते. आपल्या पुण्यात हेल्पशिफ्ट कंपनीने मोबाइल ॲपमधून ग्राहकांना मदत देणारी सेवा क्लोजर या फंक्शनल भाषेत उभारली.

अशा मोठ्या कामात फायदा कुठे होतो? एकाच वेळी अनेक प्रोसेसर एकच आकडा बदलू लागले की कोणाचा बदल टिकेल, सांगता येत नाही. किंमत बदलतच नसेल, तर भांडणही नाही. तपासणीही सोपी होते: फलनाला आत काय दिले आणि बाहेर काय आले, एवढेच पाहायचे. प्रत्येक बदलाला नवी प्रत म्हणजे जागेची उधळपट्टी, अशी शंका येते. पण एका गटाचा सातबारा बदलला म्हणून तलाठी गावाचे सगळे सातबारे नव्याने लिहीत नाही. क्लोजरसारख्या भाषाही न बदललेला भाग जुन्या आणि नव्या प्रतीत सामाईक ठेवतात.

तरी हे सर्व रोगांवरचे औषध नाही. गिटहबवरील प्रकल्पांच्या २०१४च्या एका अभ्यासात फंक्शनल भाषांतल्या प्रकल्पांत चुका किंचित कमी दिसल्या. २०१९मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच अभ्यास पुन्हा करून पाहिला, तेव्हा त्यातले बरेच निष्कर्ष टिकले नाहीत. उरलेला फरकही अगदी थोडा होता. जुन्या सवयीच्या माणसाला ही पद्धत सुरुवातीला जड जाते. जिथे वेगाचा शेवटचा थेंब हवा, तिथे जागच्या जागी बदल करणेच परवडते. शिवाय छापणे, पैसे घेणे, निरोप धाडणे ही कामे जग बदलणारीच असतात. ती प्रोग्रॅमच्या कडेला ठेवावीत आणि हिशोबाचा गाभा शुद्ध फलनांचा असावा, ही मधली वाट मला पटते. त्यासाठी भाषा बदलावीच लागते असे नाही. २०१४च्या आवृत्तीपासून जावासारख्या रुळलेल्या भाषेतही लॅम्डा आले आहेत.

म्हणून ‘चुका कमी होतात’ यावर मी या पद्धतीची वकिली करणार नाही. चूक झाल्यावर ती कुठे झाली हे दाखवता येते, हे मला मोठे वाटते. आज कर्ज, रेशन, पीकविमा यांचे आकडे संगणक सांगतो आणि समोरच्या माणसाला ते मुकाट्याने मानावे लागतात.

नवा प्रोग्रॅम चालू झाल्यावर त्या शेतकऱ्याला मी त्याच्या नोंदींचा कागद छापून दिला. त्याने बोट ठेवत ओळी वाचल्या: सहाशे, आठशे चाळीस, हजार जमा. मग कागद घडी करून खिशात घातला आणि ४४० रुपये मोजून दिले.