कर्ण्याची किंचाळी आणि घरातली आदळआपट

शाळेच्या स्नेहसंमेलनात हा अनुभव तुम्ही नक्कीच घेतला असेल. वक्ता मायक्रोफोनजवळ येतो आणि त्याने तोंड उघडण्यापूर्वीच कर्ण्यातून कानठळ्या बसवणारी किंचाळी ऐकू येते. असे का होते? मायक्रोफोनमध्ये शिरलेला बारीकसा आवाज अ‍ॅम्प्लिफायर मोठा करतो. तो कर्ण्यातून बाहेर पडतो, हवेतून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि आणखी मोठा होतो. एका फेरीत आवाज जेवढा क्षीण होतो त्यापेक्षा जास्त वाढत गेला, की किंचाळी सुरू होते. या फेऱ्याला फीडबॅक म्हणतात. येथे दोष मायक्रोफोनचा की कर्ण्याचा, हा प्रश्नच गैरलागू आहे. दोष फेऱ्याचा आहे. म्हणूनच ध्वनियंत्रणा सांभाळणारा माणूस काही न बोलता आवाजाचे बटण थोडे मागे फिरवतो.

असाच फेरा माणसामाणसांतही तयार होतो. तुमच्या वर्गात एखादा मुलगा असेल. तो जागेवर बसत नाही, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देतो, वही रोज विसरतो. सगळीच चंचल मुले आजारी नसतात. परंतु हे वागणे घरी आणि शाळेतही दिसत असेल, दीर्घकाळ टिकले असेल आणि त्यामुळे रोजचे व्यवहार अडत असतील, तर तज्ज्ञ त्याला अवधानदोष व अतिचंचलता, म्हणजेच एडीएचडी, म्हणतात. अशा मुलांचे वर्णन लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालीच केले होते. जगभरात सुमारे ५ टक्के मुलांत हा विकार आढळतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून त्यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असल्याचे दिसते. म्हणजे तो आईबापांच्या लाडामुळे किंवा धाकाच्या अभावामुळे होत नाही.

मग आईवडिलांचा संबंध कोठे येतो? आई म्हणते, "अभ्यासाला बस." मुलाचे लक्ष नसते. ती पुन्हा सांगते, मग ओरडते. मूलही ओरडते, वस्तू फेकते. शेवटी दोघांपैकी एक जण माघार घेतो. आईने माघार घेतली, तर आदळआपट उपयोगी पडते, हे मूल शिकते. मुलाने घेतली, तर ओरडणे उपयोगी पडते, हे आई शिकते. दुसऱ्या दिवशी दोघेही थोड्या वरच्या पट्टीत सुरुवात करतात! अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी १९८२ सालच्या आपल्या ग्रंथात या फेऱ्याचे सविस्तर विवेचन केले आहे. मूळ चंचलपणा फेऱ्यातून जन्मत नाही; पण त्याचा त्रास मात्र फेऱ्यामुळे कितीतरी पटींनी वाढतो.

आता बटण कोणाच्या हाती आहे? स्वतःला आवरणे हेच ज्या मुलाला अवघड जाते, त्याच्याकडून पहिली अपेक्षा कशी करावी? म्हणून काही संशोधकांनी पालकांनाच सजगतेचे शिक्षण देऊन पाहिले. बौद्ध ध्यानपद्धतींतून घेतलेल्या अभ्यासाला जॉन काबट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे रुग्णांसाठी काही आठवड्यांच्या वर्गाचे रूप दिले. त्याच धर्तीवर पालकांसाठी 'सजग पालकत्व' आखण्यात आले. पालक श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव करतात. राग चढताना छाती धडधडते, जबडा आवळला जातो, हे वेळीच ओळखायला शिकतात. उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबतात. हा क्षण म्हणजेच मागे फिरवलेले बटण. आता असे वर्ग इंटरनेटवरूनही घेतले जातात. मुलाला कोणाजवळ ठेवून दूरच्या शहरी जाणे ज्यांना जमत नाही, त्यांची त्यामुळे सोय होते.

याचा गुण येतो का? नेदरलँड्समध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ ते १२ वर्षांची २२ मुले आणि त्यांचे पालक यांना समांतर शिक्षण दिले गेले. पालकांचा ताण आणि संतापाचा भडका कमी झाला. मुलांची लक्षणेही घटली, असे पालकांनी नोंदवले. शिक्षकांच्या नोंदींत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. येथे तुम्ही विचार करा. पालकांनी स्वतः मेहनत घेतली होती, म्हणून त्यांना सुधारणा दिसली असेल काय? की घरातला फेरा मंदावला आणि वर्गातला तसाच राहिला? अशा वेळी मोठी चाचणी घ्यावी लागते, आणि कोणत्या कुटुंबाला शिक्षण द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवावे लागते. त्याच देशात नंतर १०३ कुटुंबांवर अशी चाचणी झाली. शिक्षण संपताच मुलांच्या आत्मसंयमात, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत, ठळक सुधारणा आढळली नाही. पालकांच्या स्वतःच्या सजगतेत मात्र आढळली. तेव्हा सजगता ही औषधे व वर्तनोपचार यांची जागा घेणारी जादू नव्हे. थकलेल्या पालकांना तिचा आधार मिळतो, इतके म्हणता येते.

एक प्रयोग करून पाहा. घड्याळ लावून तीन मिनिटे केवळ श्वासाकडे लक्ष द्या. लक्ष भरकटल्याचे ध्यानात येताच कागदावर एक रेघ ओढा आणि पुन्हा श्वासाकडे या. किती रेघा झाल्या? आपल्या शांत वर्गमित्राच्या किती झाल्या? मग ज्याच्या मेंदूला हेच काम जन्मतः अवघड आहे, त्याचा दिवस कसा जात असेल, याची कल्पना करा. शिक्षकांनीही हा प्रयोग अवश्य करावा. कारण वर्गातल्या फेऱ्याचे बटण त्यांच्या हाती असते.