‘इकडे ये’ म्हटल्यावर पुढे काय?

ग्वाल्हेरहून झाशीकडे निघालो की वाटेत टेकनपूर लागते. तिथे सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे आणि १९७० पासून श्वानांचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रही. अलीकडे तिथे देशी जातीही तयार होतात. त्यांतला मुधोळ हाउंड तर घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने जोपासलेला! २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये माग काढण्यात ‘रिया’ ही मुधोळ कुत्री पहिली आली.

कुत्रा शिकवण्यामागचे एक मोठे सूत्र रशियाच्या इवान पाव्हलॉव्ह यांचे. त्यांना १९०४ चे नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. कुत्र्यांची लाळ मोजताना त्यांना दिसले की खाणे आणणाऱ्याची चाहूल लागली तरी लाळ सुटते. मग मेट्रोनोमची टिकटिक आणि पाठोपाठ खाणे, असे पुन्हा पुन्हा केल्यावर नुसत्या टिकटिकीनेही लाळ येऊ लागली. क्रम मात्र महत्त्वाचा. आधी खूण, लगेच खाणे. खाणे आधी आणि खूण मागून, असे केले तर फारसे काही साधत नाही. (फोन ‘टुंग’ वाजला की आपला हात खिशाकडे जातो, तो असाच.)

म्हणूनच कुत्रे शिकवणारे एक नियम कटाक्षाने पाळतात: जवळ बोलावून रागवायचे नाही. ‘ये’ म्हटल्यावर दोन-चार वेळा फटका मिळाला, की तो शब्द वाया गेला.

आता संध्याकाळी आमच्या दौलतगंजच्या गल्लीत उभे राहून हाका ऐका. “अरे, इकडे ये!” आणि पुढे? गृहपाठ, आंघोळ, नाहीतर बोलणी. मग आपण म्हणतो, पोरगा ऐकतच नाही. माझ्या मते तो नीट ऐकतो. हाकेनंतर काय येते ते त्याला पक्के ठाऊक असते.

बिघडलेली खूण सुधारता येते. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा. पुढे पीटर सशाला हात लावू लागला. घाई केली असती तर उलट खाण्याचीच भीती बसली असती, हा धोका जोन्सबाईंनी स्वतः नोंदवला आहे.

घरी हे करणे सोपे आहे. दिवसातून दोन-तीनदा मुलाला उगीचच हाक मारा. आला की मुरैन्याच्या गजकेचा तुकडा द्या, पाठीवर हात फिरवा आणि जाऊ द्या. रागवायचेच असेल तेव्हा आपण उठून त्याच्याकडे जावे. चार दिवस छान गेल्यावर पाचव्या दिवशी हाकेला ओ आली नाही, तर निराश होऊ नका. मोडलेली सवय विश्रांतीनंतर पुन्हा डोके वर काढते, हे पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांतही दिसले होते.