तालचे बलिदान: जुगार नव्हे, हिशेब

मॉस्कोत १९६० साली बुद्धिबळाच्या विश्वविजेतेपदाचा सामना झाला, तेव्हा मिखाईल बोट्विनिक ४८ वर्षांचा होता आणि त्याचा आव्हानवीर, रिगाचा मिखाईल ताल, अवघा २३ वर्षांचा. सहाव्या डावात काळी मोहरी घेऊन खेळणाऱ्या तालने एकविसाव्या चालीत आपला घोडा एफ-४ या घरात, थेट प्याद्याच्या तोंडी दिला. प्रेक्षकांत एवढी गलबल उडाली की डाव आतल्या खोलीत हलवावा लागला. त्या घोड्याच्या बदल्यात तालला लगेच हाती लागेल असे काही मिळाले नाही. उंटांच्या वाटा मात्र मोकळ्या झाल्या. पंचविसाव्या चालीत बोट्विनिकने समोर आलेला वजीर हत्तीने मारला आणि डाव हातचा घालवला. त्याऐवजी उंटाने एफ-३वरचे प्यादे मारले असते, तर पांढऱ्याची बाजू वरचढ ठरली असती, असे पुढच्या विश्लेषणात दिसून आले. तेव्हापासून आक्षेप ठरलेला आहे: बलिदान सदोष होते, विजय नशिबाचा होता.

हा आक्षेप डावाला निवांत सोडवायचे गणित मानतो. प्रत्यक्षात डाव दोन माणसांत, घड्याळाच्या धाकात खेळला जातो. समोरच्याला अनोळखी स्थितीत नेऊन अचूक उत्तर ठरलेल्या वेळात शोधायला लावणे, हेच तालच्या बलिदानाचे मर्म होते. त्याच सामन्यातल्या सतराव्या डावात बोट्विनिकने तालचा धाडसी हल्ला परतवला, पण त्यात वेळ संपत आली आणि घाईत एकोणचाळिसाव्या चालीला घोडचूक झाली. १९६५ साली ब्लेडमध्ये बेंट लार्सनविरुद्धची लढत बरोबरीत असताना, शेवटच्या डावात तालने सोळाव्या चालीला घोडा डी-५वर देऊन टाकला. तिथेही बचाव होता. तो पटावर सापडला नाही आणि ताल ५.५–४.५ असा जिंकला. एकदा घडले तर नशीब म्हणावे. वेगवेगळ्या मातब्बरांसमोर तेच घडत राहिले, तर त्याला कौशल्यच म्हटले पाहिजे.

मग १९६१चे काय? परतीच्या सामन्यात बोट्विनिकने १३–८ असा विजय मिळवून तालने १९६० साली जिंकलेला किताब परत घेतला. तालचे मूत्रपिंडाचे दुखणे खरे होते, पण सारा दोष आजारपणावर टाकणे बोट्विनिकवर अन्याय करणारे ठरेल. त्याने तयारी कसून केली आणि तालला न मानवणाऱ्या संथ स्थितींकडे डाव वळवले. या पराभवाने तालच्या पद्धतीची मर्यादा दाखवली. ती पद्धत पोकळ असल्याचे सिद्ध केले नाही. केवळ जुगारी असता तर तो तिथेच संपला असता.

पुढची वर्षे नेमकी उलट साक्ष देतात. १९७३–७४ मध्ये ताल सलग ९५ डाव अपराजित राहिला: ४६ विजय, ४९ बरोबरी. १९७९ साली माँट्रियलला त्याने अनातोली कार्पोवबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला, तोही एकही डाव न हरता. भक्कम बचाव आणि अंतिम टप्प्याची उत्तम जाण असल्याखेरीज असे आकडे उभे राहत नाहीत. म्हणून तालचे डाव अभ्यासताना संगणकाचा निकाल आधी पाहू नये. बोट्विनिकच्या बाजूने पट मांडावा, घड्याळ लावावे आणि पंचविसावी चाल स्वतः शोधावी. तालचे मोठेपण त्या शोधात लागणाऱ्या कसातून कळते.