कुकाइनीच्या रानात सोन्याचा माग

पहाटे साडेपाच

जुलै म्हणजे इथला हिवाळा. पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीच्या उत्तरेला, मेन्झीज आणि लिओनोरा या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात कुकाइनीजवळ आमचा तळ आहे. रात्रभर बाहेर राहिलेल्या पातेल्यातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलाय. तरी सोनं शोधायला हेच दिवस बरे. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, आणि अशा वेळी गाडी बंद पडली तर गाठ जिवाशी असते.

मी चहा टाकते. अण्णा बॅटरी घेऊन गाडीखाली वाकलेले. माझे वडील विट्याकडचे, खानापूर तालुक्यातले. त्या भागातली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली, तसे अण्णाही कोइमतूरला गेले. जुने दागिने आटवायचे, तेजाबाने सोनं शुद्ध करायचं, यात त्यांची हयात गेली. आता ते माझ्याकडे पर्थला आलेत.

गाडी तपासायचा क्रम ठरलेला आहे. चारी टायर, इंजिनाचं तेल, रेडिएटरचं पाणी, आणि शेवटी पोटाखाली अडकलेलं गवत. सायलेन्सरजवळ वाळकं गवत साचलं की ते तापून पेटतं आणि गाडी रानात जळून जाते. अण्णा मूठभर काड्या ओढून काढतात. मागे दोन स्टेपन्या, हवा भरायचा पंप, चाकाखाली घालायच्या पट्ट्या, ओढायचा पट्टा, फावडं, आणि लागेल त्याच्या दुप्पट पाणी. माझ्या कमरेला बीकन. जिवावर बेतलं तर त्याचा अँटेना उघडायचा, बटण दाबायचं. संदेश उपग्रहामार्गे कॅनबेराच्या बचाव केंद्राला पोचतो. इथे मोबाइलला रेंज नाही.

साडेसहा

उजाडायच्या आत नकाशा. सगळं रान मोकळं दिसतं, पण कागदावर त्याचे तुकडे पडलेले आहेत. सरकारी जमिनीवर सोनं शोधायला ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना लागतो. त्यावर हाती वापरायच्या अवजारांनी खणता येतं आणि 20 किलोपर्यंत खनिज ठेवता येतं. पण त्या जमिनीवर कुणाचा खाणपट्टा असेल तर मालकाची परवानगी हवी. शोधपट्टा असेल तर ‘40 ई’ नावाचा वेगळा परवाना काढायचा, तो तीन महिने चालतो. कुठे काय आहे ते खाणखात्याच्या ‘टेनग्राफ’ या नकाशावर दिसतं. काल मोकळी असलेली जमीन आज कुणाच्या तरी नावावर असू शकते, म्हणून निघण्याआधी गावात नेट होतं तेव्हाच ताजा नकाशा उतरवून घेतला.

वरून हे सगळं रान गुराढोरांच्या मोठाल्या कुरणांत वाटलेलं. ज्याच्या कुरणात जायचं त्याला आधी कळवायचं. त्याच्या बोअरपासून, गोठ्यांपासून लांब राहायचं, फाटक जसं असेल तसंच सोडायचं: उघडं तर उघडं, बंद तर बंद. नोंदलेल्या आदिवासी वारसास्थळांना 1972च्या कायद्याचं संरक्षण आहे. मी नकाशावर ती लाल रंगाने भरून ठेवलीत, तिकडे चाकही वळवायचं नाही.

सव्वासात

निघालो. डांबरी संपून खडीचा रस्ता लागला की मी उतरून चारी टायरांची हवा कमी करते. रस्त्यावर आडव्या बारीक लाटा उठलेल्या असतात. हवा भरगच्च असेल तर गाडी त्यांवर उडत राहते, सुटी होते, आणि वळणावर घसरते. पाऊस पडून गेला असता तर आज निघालोच नसतो. ओल्या लाल मातीत चाकोऱ्या पडतात, रस्त्याची वाट लागते, म्हणून इथल्या नगरपालिका पावसानंतर रस्ते बंद करतात.

पुढे नुसती चाकोरी. दोन्ही बाजूंना मुल्गा नावाची बाभळीच्या कुळातली झाडं. मोडून वाळलेल्या मुल्गाचे खुंट टायरच्या कुशीत घुसतात, आणि कुशीतलं भोक रानात बुजवता येत नाही. दुसरी धास्ती जुन्या विहिरींची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खणलेले खाणीचे उभे शाफ्ट झुडपांत उघडेच आहेत. त्यामुळे जुन्या कामांपासून बऱ्याच अंतरावर गाडी उभी करायची, मागे घेताना एकाने उतरून मागची जमीन बघायची.

नवख्या माणसाला वाटतं की दणकट गाडी आणि महागडं यंत्र असलं की सोनं सापडेल. गाडीचं काम इतकंच, की पाणी, अवजारं आणि माणसं जागेवर न्यायची आणि धडधाकट परत आणायची. सोन्याचं काम इंजिन बंद केल्यावर सुरू होतं.

आठ

पहिला तास यंत्राला हात लावायचा नाही, डोळ्यांनी जमीन वाचायची. पांढऱ्या गारगोटीचे तुकडे कुठून कुठे ओघळलेत? लोहखडा कुठे आहे? दोन जातींचे खडक कुठे भेटतात? हा सगळा प्रदेश यिलगार्न नावाच्या प्राचीन भूखंडावर आहे. सुमारे 270 कोटी वर्षांपूर्वीच्या हिरवट खडकांच्या पट्ट्यांत गरम पाण्याबरोबर सोनं भेगांत शिरलं आणि गारगोटीच्या शिरांत बसलं. वरचा खडक झिजला, सोनं मात्र झिजलं नाही, गंजलं नाही; ते जड असल्यामुळे शिरेच्या आसपासच्या मातीत उतरत राहिलं. आपल्याकडे कोलारचं आणि हट्टीचं सोनंही अशाच फार जुन्या खडकांतलं. अण्णांना कोलार ठाऊक आहे. तिथली खाण 2001 साली बंद झाली.

मग जुन्या लोकांच्या खुणा. 1892 साली कूलगार्डीला आणि 1893 साली पॅडी हॅनन आणि त्याच्या सोबत्यांना कालगुर्लीला सोनं लागलं, आणि माणसांचा लोंढा या रानात आला. इथे पाणीच नव्हतं. नदीच्या वाळूत सोनं धुतात तसं धुणं शक्य नव्हतं. म्हणून ते खळ्यावर धान्य उफणावं तशी माती वाऱ्यावर उफणायचे: हलकी माती उडून जायची, जड सोनं खाली राहायचं. त्या मातीचे बुटके ढीग अजून ओळीने उभे आहेत. जिथे ढीग, तिथे सोनं होतंच. त्या लोकांना जे दिसलं ते त्यांनी नेलं, आणि वीतभर खाली जे दिसलं नाही ते राहिलं. त्यासाठी आम्ही आलोय.

नऊ

आता यंत्र. जमिनीतलं सोनं शोधायचं आजचं तंत्र ऑस्ट्रेलियातच रुजलं. अॅडलेडच्या मिनलॅब कंपनीने 1995 साली ब्रूस कँडी या संशोधकाचं एसडी 2000 हे यंत्र बाजारात आणलं. कॉइलमधून जमिनीत चुंबकीय ठोके सोडले जातात. ठोका थांबला की धातूत उठलेला भोवरी प्रवाह क्षणभर टिकतो, आणि त्या क्षणाला यंत्र ऐकतं. पण इथली लोहयुक्त माती स्वतःही उत्तर देते. तिचा आवाज वजा केल्याशिवाय सोन्याचा ऐकू येत नाही. म्हणून कॉइल जमिनीजवळ वरखाली करत यंत्राला आधी ही माती ओळखायला लावायची. माती बदलली की पुन्हा.

हेडफोनमध्ये सतत एक बारीक गुणगुण चालू असते. सोन्याचा खडा मोठा ओरडत नाही. खोलवरचा असेल तर ती गुणगुण नुसती वाकते, किंचित चढते नि उतरते. म्हणून कॉइल जमिनीला समांतर, जवळजवळ टेकलेली, आणि पावलं कासवाची. हात फिरवायचा वेग थोडा वाढला तरी एक खडा निसटतो. गाडीने तासाभरात जेवढं अंतर आलो, त्याच्या शंभराव्या हिश्श्याचंही रान दिवसभरात नीट ऐकून होत नाही.

साडेदहा

पहिला आवाज. टोकाच्या कुदळीने वीतभर खणते, माती प्लॅस्टिकच्या डावात घेते, डाव कॉइलवरून फिरवते, निम्मी टाकते, पुन्हा फिरवते. शेवटी बुटाचा खिळा निघतो. पुढचा आवाज बंदुकीच्या गोळीचं शिसं. त्यापुढचा टिनच्या डब्याची कड. प्रत्येक आवाज खणायचाच, कारण चांगला आणि वाईट यांतला फरक कानाला शंभर टक्के कळत नाही. निघालेलं भंगार पिशवीत, खड्डा बुजवून पायाने दाबायचा. खड्डा बुजवणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि कायदा नसता तरी बुजवायलाच हवा: उघड्या खड्ड्यात गाईचा पाय मुरगळतो.

साडेबारा

मुल्गाच्या विरळ सावलीत धपाटी, दही, शेंगदाण्याची चटणी. अण्णा पिशवीतलं भंगार चादरीवर मांडून बघतात. ‘‘आमच्या दुकानात झाडूखालची माती बी टाकत नव्हतो,’’ ते म्हणतात. ‘‘वर्षाची माती झारेकऱ्याला द्यायची. तो धुवून त्यातनं सोनं काढायचा.’’

‘‘इथं पाणी नाही ना अण्णा, म्हणून वारा,’’ मी म्हणते.

‘‘वारा काय नि पाणी काय. जड ते खाली ऱ्हातंय.’’

दीड

दुपारी जुन्या मुक्कामाची जागा. काचेचे तुकडे, चुलीचे दगड, सपाट केलेली जमीन. इथे खाणकामगार तंबू ठोकून राहायचे. त्यांचं पीठ, पाणी, अवजारं उंटांवरून यायची, आणि उंटवाले बलुचिस्तान, सिंध, पंजाब, अफगाणिस्तानातून आलेले. ऑस्ट्रेलियात उंटांचे सुरुवातीचे मोठे तांडे कराचीच्या बंदरातून आले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. या रानाचा इतिहास लिहिताना त्या माणसांची नावं फारशी कुणी लिहिली नाहीत. अशा मुक्कामावर पाय ठेवताना मला हे आठवलं पाहिजे असं वाटतं.

वारसा म्हणून नोंदलेल्या जागी आम्ही यंत्र चालवत नाही. ही जागा तशी नाही, तरी नाणं लागलं तर उचलण्याआधी फोटो आणि जागेची नोंद. आज लागतं ते व्हिक्टोरिया राणीचं चांदीचं तीन पेनीचं नाणं, नखाएवढं. साल 1893. नाणं एकटं बोलत नाही. ते कुठे, कशाच्या शेजारी, किती खोल होतं, हे लिहून ठेवलं तरच त्या मुक्कामाची गोष्ट शिल्लक राहते.

‘‘गिनी सापडते का इथं?’’ अण्णा विचारतात. कधीमधी सापडते. या सोन्यासाठीच 1899 साली पर्थला टांकसाळ निघाली आणि 1931पर्यंत तिने सॉव्हरिन, म्हणजे आपली गिनी, पाडली. त्यांवर बारीक ‘पी’ असतो. 1918 साली मुंबईच्या टांकसाळीतही सॉव्हरिन पाडली, त्यांवर ‘आय’. अण्णांनी बावीस कॅरटच्या कितीतरी गिन्या आटवल्या. ‘‘तो आय आम्ही बघायचो,’’ ते म्हणतात, ‘‘आणि मुशीत टाकायचो. गिऱ्हाइकाला बांगडी पायजे असायची.’’

तीन

उफणलेल्या ढिगांच्या वरच्या अंगाला, उताराच्या मधोमध, गुणगुण वाकते. कॉइल आडवी फिरवून पुन्हा ऐकते. तीच जागा, तोच आवाज. वरची दोन बोटं माती खरवडते, आवाज किंचित वाढतो. याचा अर्थ वस्तू खाली आहे, पृष्ठभागावरचं भंगार नाही. अर्धी वीत गेल्यावर लालसर घट्ट थर लागतो, कुदळ जपून चालवावी लागते. डाव कॉइलवरून फिरतो आणि ओरडतो. माती निम्मी, पुन्हा निम्मी, शेवटी चिमूटभर. तळहातावर पाणी ओतल्यावर पिवळा, कडा झिजलेला खडा.

अण्णा तो तळहातावर तोलतात. डोळे मिटून. ‘‘सात-आठ गुंजा.’’ तळावरच्या काट्यावर नंतर 0.9 ग्रॅम भरलं, म्हणजे साडेसात गुंजांच्या आसपास. रंग बघून म्हणाले, ‘‘यात चांदी हाय थोडी.’’ खरं आहे. जमिनीतलं सोनं शंभर नंबरी नसतंच, त्यात थोडी चांदी मिसळलेली असते.

1980 साली व्हिक्टोरिया राज्यात किंगोवरजवळ केव्हिन हिलियरला डिटेक्टरने 27 किलोचा खडा सापडला, ‘हँड ऑफ फेथ’ नावाने तो जगभर गाजला. त्या बातमीने अनेकांना रानात ओढलं. पण इथे वर्षानुवर्षं येणारे लोक अशाच गुंजा-गुंजांवर टिकून असतात, आणि त्यांना जमिनीची भाषा कळते ती या लहान खड्यांमुळेच.

सव्वाचार

जीपीएसवर खूण, खड्डा बुजवला, आणि लगेच निघालो. इथे सव्वापाचला सूर्य बुडतो. तिन्हीसांजेला कांगारू आणि एमू रस्त्यावर येतात, आणि एका कांगारूच्या धडकेने रेडिएटर फुटतो. त्यामुळे आवाज कितीही चांगले येत असले तरी उजेड असतानाच तळ गाठायचा. डांबरीला लागताच टायरांत हवा भरायची.

सात

शेकोटी, आमटी-भात, आणि दिवसाची नोंद: कुठे चाललो, किती खोल काय निघालं, कुठली माती. अण्णा विचारतात, आपल्याकडे असं का होत नाही? मी सांगते, आपल्याकडे 1878चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मार्च 2025मध्ये ‘छावा’ चित्रपटानंतर बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक पुरलेल्या नाण्यांच्या आशेने रात्री बॅटऱ्या आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरायला लागले. त्यात नाण्यांची जागा, खोली, थर, सगळं मोडलं. गड-किल्ल्यांच्या परिसरात यंत्र घेऊन जाणं म्हणजे आपल्याच इतिहासाची पानं फाडणं. तिथलं काम पुरातत्त्व खात्याचं. ज्याला हा नाद आहे त्याने परवान्याच्या जमिनीवर, मोजून, बुजवून, लिहून तो करावा.

अण्णा नकाशा पुढे ओढतात. एकटा खडा क्वचित असतो, आणि आजचा कडांना झिजलेला म्हणजे थोडा ओघळून आलेला. उद्या गाडी तिथेच, त्याच ठिकाणी. खड्याच्या जागेपासून चढाकडे दोऱ्या ताणायच्या, दोन दोऱ्यांमधला पट्टा एकदा उभा आणि एकदा आडवा ऐकायचा, आणि गारगोटीची शीर लागेपर्यंत मधली हातभर जागाही सोडायची नाही.