डोंगरवाटेवरचे बूट

२०१८ च्या ऑक्टोबरात एका शाळेच्या नववीच्या मुलांबरोबर आम्ही हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. सहलीआधी पालकांना जे सूचनापत्र गेले, त्यात ‘ट्रेकिंगचे बूट आवश्यक’ ही ओळ आमच्याच सांगण्यावरून घातलेली होती. गड पाहून पाचनईच्या वाटेने उतरताना, गाव अजून तासाभराच्या अंतरावर असताना, एका बुटाचा तळ टाचेकडून सुटला आणि जिभेसारखा लोंबू लागला. दहा मिनिटांनी दुसऱ्या बुटाचीही तीच गत झाली. हे बूट कोणा मुलाचे नव्हते, आमचेच होते. सगळ्या तुकडीत सर्वांत महाग, आणि सात वर्षांत जेमतेम आठ-दहा वेळा वापरलेले! सुतळीने तळ बांधून आम्ही कसेबसे उतरलो. पुढे चालणारे वाटाडे काका मात्र साध्या प्लॅस्टिकच्या बुटांत निर्धास्त उतरत होते.

मुलांनी विचारले, “सर, जवळजवळ नवे बूट कसे काय तुटले?” प्रश्न अगदी योग्य होता. परत आल्यावर वर्गशिक्षिकांकडून आणखी एक गोष्ट कळली. सूचनापत्रातली ती ओळ वाचून एका मुलीने ‘मला यायचे नाही’ असे सांगितले होते. घरी बुटांसाठी पैसे नव्हते. म्हणजे आमच्या एका ओळीने एक मूल सहलीला मुकले होते, आणि त्या ओळीप्रमाणे घेतलेले बूट तर वाटेतच तुटले होते! तेव्हा डोंगरात चालायला बुटाकडून नेमके काय हवे, हा विचार मुळापासून करायला हवा असे आम्हांला वाटले.

तळ का सुटला?

बुटाचा तळ बहुधा एकसंध नसतो. जमिनीला लागणारा रबराचा थर सर्वांत खाली असतो. त्यावर धक्के शोषणारा फेसासारखा मऊ थर असतो. पुष्कळ ट्रेकिंगच्या बुटांत हा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. याच्या एका प्रकारात रेणूंच्या लांब साखळ्या एस्टर बंधांनी जोडलेल्या असतात. हे बंध पाण्यामुळे तुटतात. पाण्याचा रेणू बंधात शिरतो आणि एका बाजूला आम्ल, दुसऱ्या बाजूला अल्कोहोल तयार होते. तयार झालेले आम्ल पुढच्या बंधांचे तुटणे आणखी वेगवान करते. साखळ्या आखूड होत जातात, आणि एके दिवशी लवचीक फेसाचा ठिसूळ भुसा होतो.

यासाठी बूट पाण्यात बुडवायची गरज नाही. हवेतली वाफ पुरते. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेले बूट न वापरताही म्हातारे होतात. वापर कमी म्हणजे आयुष्य जास्त, ही आपली समजूत इथे चुकते. बुटाचे वय खरेदीच्या दिवसापासून नव्हे, तर ते तयार झाले त्या दिवसापासून मोजायला हवे. दुकानात सवलतीत मिळणारा जुना साठा म्हणूनच जपून घ्यावा. सहलीच्या आठवडाभर आधी मधला थर अंगठ्याने जोरात दाबून पाहावा, बूट वाकवून पाहावा. बारीक भेगा दिसल्या, चिकटपणा लागला किंवा भुसा पडला, तर ते बूट डोंगरात नेऊ नयेत. ईव्हीए नावाच्या फेसाचे असे विघटन होत नाही; पण तो वापराने कायमचा चेपतो आणि मग धक्के शोषत नाही.

तळ शिवलेला असेल तर झिजल्यावर कारागिराकडून नवा बसवता येतो. नुसता चिकटवलेला असेल तर ते कठीण जाते. किंमत पाहताना हाही हिशेब करावा.

पकड कशामुळे?

इटलीतील गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांच्या सोबत्यांपैकी सहा जण १९३५ साली आल्प्समध्ये मरण पावले. त्या काळचे बूट खिळे ठोकलेल्या चामडी तळाचे असत. खडकाच्या चढाईसाठी वेगळे, हलके जोडे घालावे लागत, आणि त्यांत थंडीचा निभाव लागत नसे. या घटनेनंतर ब्रामानींनी पिरेली या टायरच्या कंपनीच्या मदतीने खोल नक्षीचा रबरी तळ तयार केला. तो १९३७ मध्ये बाजारात आला. आज जवळजवळ प्रत्येक ट्रेकिंग बुटाच्या तळाची नक्षी त्याच घराण्यातली आहे.

मात्र नक्षी म्हणजेच पकड नव्हे. खोल नक्षी चिखलात आणि मऊ मातीत रुतते, म्हणून तिथे ती उपयोगी पडते. गुळगुळीत कातळावर तिचा काही लाभ नाही. तिथे रबर खडकाला किती टेकते, आणि खडकाच्या बारीक खडबडीत किती शिरते, यावर पकड ठरते. मऊ रबर अधिक शिरते, म्हणून पकड चांगली. पण तेच लवकर झिजते. कडक रबर टिकते, पण घसरते. टिकाऊपणा आणि पकड यांची ही ओढाताण कोणत्याच कारखान्याला पूर्णपणे मिटवता आलेली नाही.

आपल्या सह्याद्रीत एकाच दिवसात तीन प्रकारची जमीन लागते. पायवाटेवरची माती, उतारावरचा घसारा आणि बसाल्टचा कातळ. घसाऱ्यावर खडे स्वतःच घरंगळतात. तिथे बूट कितीही चांगला असला तरी पाऊल बेताने टाकणे हाच उपाय. शेवाळलेल्या ओल्या कातळावर रबर आणि खडक यांच्यामध्ये बुळबुळीत थर असतो, त्यामुळे रबराचा खडकाला स्पर्शच होत नाही. अशा जागी कोणत्याही बुटाचा भरवसा धरू नये, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

वर्गात करून पाहा

पकड मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक मीटर लांबीची खडबडीत फळी किंवा फरशी घ्या. तिच्यावर बूट ठेवा आणि एक टोक हळूहळू उचला. बूट सरकू लागेल तिथे थांबा. उचललेल्या टोकाची उंची आणि त्याखालच्या आडव्या पायाची लांबी मोजा. उंचीला पायाने भागले की घर्षणांक मिळतो. समजा, टोक ६० सेंमी उंचीवर असताना बूट सरकला. पायथागोरसच्या सिद्धांताने पाया ८० सेंमी येतो. म्हणजे घर्षणांक ०.७५.

मुलांच्या पायातले सगळे प्रकार आळीपाळीने तपासा: कॅनव्हासचे बूट, सँडल, रबरी चप्पल, झिजलेला जोडा, नवा जोडा. मग फळी ओली करून, त्यानंतर बारीक माती भुरभुरून पुन्हा मोजा. क्रम बदलतो का, ते मुलांनाच शोधू द्या. बुटात दगड ठेवून वजन वाढवले तर कोन बदलतो का, हेही पाहण्यासारखे आहे. पाठ्यपुस्तकातल्या नियमाप्रमाणे तो बदलू नये, पण रबर हा नियम काटेकोरपणे पाळत नाही.

पाणी बाहेर की आत?

‘वॉटरप्रूफ’ बुटांत सच्छिद्र पडदा असतो. असा एक पडदा रॉबर्ट गोर यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या ताणलेल्या टेफ्लॉनपासून बनतो. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा फार लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा कितीतरी मोठी असतात. त्यामुळे बाहेरचे पाणी आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते.

‘जाऊ शकते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वाफ बाहेर जाते ती आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तेव्हाच. थंड, कोरड्या हवेत हा फरक मोठा असतो. पावसाळ्यात सह्याद्रीत हवा उबदार आणि वाफेने जवळजवळ संपृक्त असते. मग घाम आतच साठतो. शिवाय ओढा ओलांडताना पाणी घोट्याच्या वरून आत शिरले, की तोच पडदा ते आत धरून ठेवतो. आपल्या पावसाळी भटकंतीत पाणी अडवणाऱ्या बुटापेक्षा पाणी लवकर गाळणारा आणि लवकर वाळणारा बूट म्हणूनच बरा. हिमालयातल्या बर्फात मात्र हा हिशेब उलटा होतो.

फोड का येतात?

सहलीत मुलांना सर्वांत जास्त त्रास फोडांचा होतो. आपण समजतो की बूट ‘घासला’. प्रत्यक्षात कातडीचा वरचा थर मोजाला धरून राहतो आणि आतले हाड प्रत्येक पावलाबरोबर पुढेमागे सरकते. मधले थर आडवे ओढले जाऊन आतल्या आत फाटतात आणि त्या जागी द्रव भरतो. दमट कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त धरून राहते. किंचित ओले बोट काचेवरून ओढून पाहा, म्हणजे पटेल. सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून लांब चालीसाठी लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे बरे. दोन पातळ मोजे घातले तर सरकण्याचे काम कातडीऐवजी दोन मोज्यांमध्ये होते. शिवाय एक कोरडा जोड पिशवीत असावा.

मुख्य गोष्ट मापाची. दिवसभर चालून पाय फुगतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत, तेही घालायचे तेच मोजे चढवून. आतला सुटा तळवा बाहेर काढून त्यावर उभे राहावे. बोटांपुढे सुमारे एक सेंटीमीटर जागा उरली पाहिजे. उतारावर पाऊल पुढे सरकते. ही जागा नसेल तर नखे काळी पडतात. टाच मात्र आत उचलली जाता कामा नये. बूट हातांनी दुमडल्यास तो बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मध्यभागी नव्हे. आणि नवे बूट थेट गडावर नेऊ नयेत. दोन-तीन आठवडे रोजच्या चालण्यात वापरावेत.

जड बूट, हलके बूट

सूल आणि गोल्डमन या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये डोक्यावर, हातांत आणि पायांत वजन घेऊन चालणाऱ्यांची ऊर्जा मोजली. पायात बांधलेल्या प्रत्येक किलोसाठी शरीराच्या एका किलोच्या मानाने चार ते सहा पट ऊर्जा लागत होती. डोक्यावरच्या वजनाला हे प्रमाण सव्वापटीच्या आतच होते. कारण सोपे आहे: धडावरचे वजन संथपणे पुढे जाते, पायातले वजन मात्र प्रत्येक पावलाला उचलावे, वेगात आणावे आणि थांबवावे लागते.

उंच बुटांनी घोटा मुरगळत नाही, असे सर्रास सांगतात. बास्केटबॉल खेळाडूंवर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत उंच आणि बुटक्या बुटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नव्हता. पाठीवर आठ-दहा दिवसांचे ओझे आणि वाटेत बर्फ किंवा मोठे धोंडे असतील, तर ताठ तळाचे जड बूट उपयोगी पडतात. एका दिवसाच्या गडावर मुलांनी ते ओझे का वाहावे?

वाटाडे काकांचे कोडेही आता उलगडते. त्यांचे प्लॅस्टिकचे बूट एकसंध साच्यातले होते; सुटायला जोडच नव्हता. पाय सरावलेले होते, पाठीवर ओझे नव्हते, आणि कोणत्या दगडावर पाय द्यायचा हे त्यांना पाठ होते. याचा अर्थ कोणतेही पायताण चालते असा नाही. गुळगुळीत झालेला तळ आणि ढिली चप्पल नकोच. सर्वोत्तम बूट अशी वस्तू नसते. जमीन, ओझे, ऋतू आणि पाय यांना जुळणारा बूट असतो, एवढेच.

पुढच्या वर्षी सूचनापत्रातली ती ओळ आम्ही काढून टाकली. तिच्या जागी लिहिले: ‘पायात नीट बसणारे, महिनाभर वापरात असलेले, तळाची नक्षी न झिजलेले कोणतेही बंदाचे बूट चालतील. मोज्यांचा एक जास्तीचा जोड आणावा.’ सहलीच्या आदल्या आठवड्यात प्रत्येकाचे बूट वर्गात फळीवर तपासले. दोघांचे बूट नापास झाले, तेव्हा शाळेतल्या जुन्या जोडांतून मापाचे शोधून दिले. ती मुलगी आता दहावीत होती. शाळेच्या रोजच्या कॅनव्हासच्या बुटांत ती गड चढली आणि उतरलीही. फळीवरचा तिचा आकडा आमच्या नव्या बुटांपेक्षा चांगला आला होता.